गुरुवारची फ्लॉपी

पवित्रा आत आली तीच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.

"माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "शेजारच्या धोंडुबाईंना बसवून आलेय. पण त्यांना ह्यांना कुशीवर वळवता येत नाही."

"कुणाला?" जोतीराम डकरे यांनी विचारलं.

"माझ्या मिस्टरांना."

जोतीरामांनी खुर्ची पुढे केली. टेलिफोन खात्यात तारेतला बिघाड शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ते लोकांच्या खासगी चौकश्या करत. कोपऱ्यात त्यांचे मित्र हंबीरराव पेपर वाचत बसले होते. ते एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. जोतीरामांना गाडी चालवता येत नव्हती, आणि हंबीररावांना घरी बसवत नव्हतं.

"सांगा," जोतीराम म्हणाले.

पवित्राने भराभर सांगितलं. शाहूपुरीत 'स्वरलेखा' नावाचं ऑफिस आहे. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांची माहिती तोंडी बोलून ठेवतात. ती इथे ऐकून टाईप करायची. बारा जण ऑफिसात बसतात, सहा बायका घरून करतात. घरच्यांना सकाळी गुंडू सीडी आणून देतो. टाईप केलेलं संध्याकाळी फ्लॉपीवर घेऊन जातो. ऑफिसात ते तपासतात आणि रात्री अमेरिकेला पाठवतात.

"तीन आठवड्यांत माझ्या तीन रिपोर्टांत औषधाचा आकडा चुकलाय. पहिले दोन बारीकसारीक होते. गेल्या गुरुवारचा वाईट होता. हृदयाची गोळी, ०.१२५ च्या जागी १.२५. तिथल्या नर्सनं वेळेवर पकडलं, नाहीतर रोगी गेला असता."

"तुम्ही चुकला नाहीत?"

"नाही."

"माणूस चुकतोय की, बाई," हंबीरराव पेपरामागून म्हणाले.

"एकदा चुकेन. तीन आठवड्यांत तीनदा, आणि तेही फक्त औषधाच्या आकड्यात?" तिचा आवाज चढला. "शनिवारी अमेरिकेहून पत्र आलं. मालक म्हणाले, घरून काम बंद. बाकीच्या पाचजणींनी एक तारखेपासून ऑफिसात यायचं. मी बुधवारी बारापर्यंत चूक कबूल केल्याची सही द्यायची. नाही दिली तर पोलिसांत तक्रार."

"आणि दिली तर?"

"तर माझं नाव सगळ्या कंपन्यांना कळवणार. मग हे काम मला कुठंच मिळायचं नाही." ती थांबली. "बाहेर जाऊन दुसरं काम मी करू शकत नाही. ह्यांना मानेखाली काही हलवता येत नाही. दर दोन तासांनी वळवायला लागतं. घशात कफ अडकला तर मशीननं ओढायला लागतो. दोन मिनिटं उशीर झाला तरी..."

तिने पुन्हा घड्याळ बघितलं.

आज सोमवार होता.

*

संध्याकाळी दोघं मंगळवार पेठेत तिच्या घरी गेले. एकच मोठी खोली होती. खिडकीशी पलंग, पलंगाला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर. टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल. ते दाबलं की आवाज चालू होतो, सोडलं की थांबतो.

पलंगावर शिवकुमार पडून होता. वय चाळीसच्या आत. नुसते डोळे आणि तोंड हलत होतं.

"या, पावणं," तो म्हणाला. "उठून नमस्कार करता येत नाही. राग मानू नका."

"असू द्या, असू द्या." हंबीररावांना कुठे बघावं ते कळेना. "कसं झालं हे?"

"गगनबावड्याच्या घाटात. तीन वर्षं झाली. गाडी घसरली." तो सहज बोलल्यासारखं बोलला. "पुढच्या वर्षी माझे अप्पा गेले. त्यांची समाधी शिरोळला आमच्या मळ्यात आहे. अजून तिथं मला जाता आलेलं नाही."

जोतीराम टेबल बघत होते. फळीवर हेडफोनचा खोका होता. त्याची चिकटपट्टी अजून उघडलेली नव्हती. कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना मात्र दोन स्पीकर होते.

"हेडफोन वापरत नाही तुम्ही?"

पवित्राचा चेहरा उतरला. ती नवऱ्याकडे बघू लागली.

"सांग त्यांना," शिवकुमार म्हणाला. "त्यांच्यापासून लपवून काय करणार?"

"रोग्याची माहिती दुसऱ्या कुणाच्या कानावर पडू द्यायची नाही, असा नियम आहे," पवित्रा हळू म्हणाली. "मी तो मोडते. ह्यांचं बारा वर्षं औषधाचं दुकान होतं. मी स्पीकरवर लावते, हे ऐकतात. टाईप झालं की मी सगळं वाचून दाखवते. औषधाचा प्रत्येक आकडा ह्यांच्या कानावरून जातो."

"आणि ती गोळी?"

"०.१२५," शिवकुमार म्हणाला. "डॉक्टर तेच बोललाय, हिनं तेच वाचलंय. १.२५ वाचलं असतं तर मी पडल्या जागी ओरडलो असतो. पण हे ऑफिसात सांगायचं कसं? सांगितलं तर नियम मोडला म्हणून काढतील. न सांगितलं तर चुकली म्हणून काढतील."

"तुमच्या कॉम्प्युटरवर गुरुवारची फाईल असेल की?"

"नाही. फ्लॉपी दिली की पुसायची, हाही नियम."

जोतीरामांनी तिला एक फ्लॉपी भरून दाखवायला सांगितलं. तिने फाईल घेतली, फ्लॉपी बाहेर काढली आणि अंगठ्याच्या नखाने कोपऱ्यातला काळा खटका सरकवला.

"हे काय?"

"कुलूप म्हणा. खटका बंद केला की फ्लॉपीवरचं वाचता येतं, बदलता येत नाही. रुद्राप्पा सरांनी लावलेली सवय. आम्हां सगळ्यांना इंग्रजी त्यांनीच शिकवलं, ऑफिस सुरू झालं तेव्हा. आमच्याच समाजातले, माझ्या माहेरच्या गल्लीतले. कुरुंदवाडला राहायचे. गेल्या मंगळवारी गेले. मला जाताही आलं नाही."

"बाकीच्या बायका हा खटका लावतात?"

"सर म्हातारे झाले, आता कोण ऐकतंय? मी मात्र लावतेच."

बाहेर आल्यावर हंबीरराव म्हणाले, "जोती, बाई खरं बोलत्यात. पण नवऱ्याची साक्ष कोण धरणार?"

"कोणी नाही," जोतीराम म्हणाले. "म्हणून दुसरी शोधायची."

*

मंगळवारी सकाळी ते शाहूपुरीत गेले. दुसऱ्या मजल्यावर लांब हॉल, दोन रांगांत कॉम्प्युटर. भिंतीवर पहिल्या तुकडीचा फोटो होता. मधोमध बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर भस्माच्या तीन आडव्या रेघा, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. फोटोला ताजा हार होता.

मालक राजवीर तिशीतला होता. रात्रभर झोपला नसावा.

"तुम्ही त्यांच्या बाजूनं आलाय, चालेल. पण मी स्वतः आवाज ऐकलाय. डॉक्टर स्पष्ट बोललाय. टाईप चुकलंय. अजून एक चूक झाली तर हे काम जाईल. अठरा जण घरी बसतील."

"घरून काम द्यायची कल्पना कुणाची?"

"माझीच. लग्न झालं, बाळंतपण आलं की चांगल्या मुली सोडून जायच्या. घरून दिलं तर टिकल्या. ऑफिसापेक्षा कामही जास्त व्हायला लागलं. एप्रिलपासून हा हॉल सोडून सगळ्यांनाच घरून काम द्यायचं मी ठरवलं होतं. सर्जेरावांच्या घरी दिवाळीत कॉम्प्युटरसुद्धा बसवून दिला."

"सर्जेराव कोण?"

"सर्जेराव इंगवले. आमचे सुपरवायझर. सगळं काम त्यांच्या हाताखालून जातं. तेही घरूनच तपासणार होते. पगार तोच." राजवीर कडवट हसला. "आता सगळं उलटं. सगळे परत इथंच."

"गुरुवारी पवित्राबाईंचं काम त्यांनी तपासलं?"

"नाही. ते त्या दिवशी रजेवर होते. सुष्मितानं बघितलं."

सर्जेराव हॉलच्या टोकाला बसत. पन्नाशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. टेबलावर फुलपात्र, पेनांचा डबा, जेवणाचा डबा, सगळं एका ओळीत. किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

"बाई कष्टाळू हाय, मी न्हाय म्हणत न्हाय," ते म्हणाले. "पण घरात माणूस आजारी, चूल, पाहुणे. लक्ष कुठं राहतंय? ऑफिस ते ऑफिस. मी पहिल्यापासनं सांगत होतो."

"गुरुवारी तुम्ही नव्हता."

"न्हवतो की. रुद्राप्पा सरांच्या रक्षाविसर्जनाला कुरुंदवाडला गेलतो. सकाळच्या गाडीनं. संगमावर रक्षा सोडली, मग त्यांच्याकडं जेवण झालं. यायला सात वाजले. इथल्या एकाला तरी जायला नको व्हय? सरांनी आम्हाला शिकवलं."

"तुम्ही राहता कुठं?"

"लक्ष्मीपुरीत. चालत दहा मिनिटं."

"घरून काम करणं तुम्हाला सोयीचं झालं असतं मग."

सर्जेरावांनी फुलपात्र उगाच बोटभर सरकवलं. "मालक म्हणतील तसं."

सुष्मिताला त्यांनी जिन्यात गाठलं. ती पंचवीस-सव्वीसची होती, आणि बोलायला लागली की थांबत नव्हती.

"मला माहितीय लोक माझ्याकडं बोट दाखवत्यात. माझं बाळ आठ महिन्यांचं हाय. सासूकडं ठेवून येते. मी घरून काम मागितलं दोनदा, जागा न्हाय म्हणाले. पवित्राताई गेल्या तर मला जागा मिळंल, असं बोललेपण असंन मी. रागात. पण आता तर सगळंच बंद केलं! माझ्या काय पदरात पडलं?"

"गुरुवारी फ्लॉपी तुमच्या हातात आली?"

"व्हय. सर्जेराव सर नसले की मीच घेते. पण सहा वाजता आली. एरवी गुंडूमामा साडेपाचला येतात. म्हणाले पंक्चर झालतं. मला घाई, बाळ रडत असणार, म्हणून पटकन फाईल उतरवून घेतली. बघितलं थोडंफार, पण आकड्यांकडं..." तिचा आवाज पडला. "न्हाय बघितलं मी नीट. ती माझी चूक हाय."

"फ्लॉपीत काही वेगळं दिसलं?"

"काही न्हाय. उलट बरं झालं म्हटलं. पवित्राताईंच्या फ्लॉपीचा खटका कायम बंद. दुसऱ्या दिवशी पुसून परत द्यायची तर आम्हाला उघडत बसायला लागतंय. माझी नखं तुटत्यात. गुरुवारी उघडाच होता."

जोतीरामांनी विचारलं, "सर्जेराव कसे आहेत?"

"चांगले हायत हो. कडक हायत. त्यांच्या मिसेस गेल्यापासनं जरा जास्तच. दोन वर्षं झाली. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, सगळ्यांच्या मागनं जातात. रविवारीपण कुलूप उघडून बसलेले असतात म्हणं."

खाली पार्किंगमध्ये गुंडू लूना पुसत होता. दाढीचे पांढरे खुंट, खांद्याला रेक्झिनची बॅग.

"गुरुवारी उशीर का झाला?" जोतीरामांनी विचारलं.

"पंक्चर."

"कुठं काढलंस?"

"लक्ष्मीपुरीत."

"कुणाकडं?"

गुंडूचा फडका थांबला. "नाव ठाऊक न्हाय."

"बॅग कुणाच्या हातात दिलीस मधे?"

"मी कशाला दीन? माझी नोकरी हाय ही." तो लूनाला किक मारायला लागला. ती तीनदा मारूनही चालू झाली नाही.

रस्त्यावर आल्यावर हंबीरराव पुटपुटले, "रोज त्याच रस्त्यानं लूना हाकतोय आणि पंक्चरवाल्याचं नाव ठाऊक न्हाय? असला गडी मी एस.टी.त अख्ख्या नोकरीत बघितला न्हाय."

"तेवढंच बघितलंस?"

"अजून एक. सुष्मिताच हाय ही. फ्लॉपी तिच्याच हातात, घरच्या कामाचा रागपण तिलाच. सर्जेरावाचं काय बिघडत होतं? पगार तोच, आणि घरबसल्या. वर गडी गावातच न्हवता."

"गाडी काढ," जोतीराम म्हणाले. "कुरुंदवाडला जायचंय."

"आता? कशाला?"

"सरांना नमस्कार करायला."

*

दुपारी दोघं कुरुंदवाडला पोचले. रुद्राप्पांचा मुलगा शिवशरण दारातच भेटला. हंबीरराव गाडीशी थांबले. जोतीराम शिवशरणबरोबर घरामागच्या मळ्यात गेले. उसाच्या कडेला नव्या मातीचा उंचवटा होता, त्यावर बेलाची पानं आणि सुकत आलेला हार. जोतीरामांनी चपला काढून नमस्कार केला. मग दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले.

परतीच्या वाटेवर जोतीराम खिडकीबाहेरचा ऊस बघत होते.

"काय म्हणाला?" हंबीररावांनी न राहवून विचारलं.

"म्हणाला, ऑफिसातनं कुणी येईल असं वाटलं होतं."

हंबीररावांनी दोन मैल विचार केला.

हातकणंगल्याच्या अलीकडे एका फोन बूथवरून जोतीरामांनी पवित्राला फोन लावला. बोलून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"काय झालं?"

"दुपारी ह्या भानगडीत मालकांशी फोनवर बोलत होत्या. चार मिनिटं. तेवढ्यात शिवकुमारचा श्वास अडकला. आता ठीक आहे." ते दार ओढून बसले. "त्या म्हणतायत, सही देऊन टाकते, मला हे झेपत नाही. उद्या बारापर्यंत थांबा म्हटलंय."

*

बुधवारी साडेअकराला राजवीरच्या केबिनमध्ये सगळे जमले. राजवीर, सर्जेराव, सुष्मिता, दाराशी गुंडू, मागे हंबीरराव. पवित्रा कडेला खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे टाईप केलेला कागद आणि पेन होतं. धोंडुबाईंबरोबर आज हंबीररावांच्या मिसेसही बसल्या होत्या. तरी पवित्राचं लक्ष घड्याळाकडेच होतं.

"मला पाच मिनिटं द्या," जोतीराम म्हणाले. "मग सही करायची का, ते ठरवा."

राजवीरने मान हलवली.

"मी तीस वर्षं तारा तपासल्या. फोन बंद पडला की लोक म्हणतात, यंत्र खराब. पण आधी बघायचं असतं की बिघाड ह्या टोकाला आहे, त्या टोकाला आहे, की मधे. पवित्राबाईंच्या घरी मी बघितलं. त्या फ्लॉपी भरली की खटका बंद करतात. न चुकता. सुष्मिताबाई, गुरुवारी तो कसा होता?"

"उघडा."

"म्हणजे त्यांच्या घरातून निघाल्यावर आणि तुमच्या हातात पडायच्या आधी कुणीतरी तो उघडला. खटका उघडायचं कारण एकच. फ्लॉपीवरचं बदलायचं."

"सुष्मितानंच उघडला असंल, आणि आता सांगतीया," सर्जेराव म्हणाले.

"इथल्या माणसाला फ्लॉपीला हात लावायची गरजच नाही," जोतीराम शांतपणे म्हणाले. "फाईल इथल्या कॉम्प्युटरवर उतरवायची आणि इथंच बदलायची. खटका बंद का उघडा, काय फरक पडतो? ज्याच्यापाशी फक्त फ्लॉपीच होती, फाईल परत तिच्यातच घालून पुढं पाठवायची होती, त्यालाच खटका उघडावा लागला. आणि तसंही, सुष्मिताबाईंनी खटक्याचं स्वतःहून सांगितलं. चोर आपल्या पावलाचा ठसा दाखवत नाही. शिवाय त्यांना घरचं काम हवं होतं. घरचं काम बंद पाडून त्यांना काय मिळणार?"

सुष्मिताने डोळे पुसले.

"म्हणजे वाटेत," राजवीर म्हणाला.

सगळे गुंडूकडे वळले. तो दाराला टेकला.

"गुंडूला कॉम्प्युटर चालवता येत नाही. औषधाचा आकडा कुठला, तेही कळणार नाही. पण तो अर्धा तास कुठंतरी थांबला. लक्ष्मीपुरीत, हे तो स्वतःच बोलला. लक्ष्मीपुरीत कॉम्प्युटर असलेलं, आणि रिपोर्टात औषधाचा आकडा नेमका कुठं असतो हे माहीत असलेलं घर एकच आहे."

सर्जेराव उठले. "मी गावात न्हवतो! सांगितलं की, रक्षाविसर्जनाला गेलतो."

"कुणाच्या?"

"रुद्राप्पा सरांच्या."

"सर्जेराव," जोतीराम म्हणाले, "सर लिंगायत. त्या फोटोत त्यांच्या कपाळावर भस्म आहे, गळ्यात लिंग आहे. त्यांच्यात दहन करत नाहीत. समाधी देतात. मी काल नमस्कार करून आलो, मळ्यात, उसाच्या कडेला. मंगळवारी संध्याकाळीच माती दिली. रक्षाच नव्हती, तर तुम्ही संगमावर काय सोडलंत?"

हॉलमधला कीबोर्डांचा आवाज थांबला होता.

"आपल्याकडं कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. रजेच्या अर्जात आपण तेच लिहितो, न विचारता. तुम्हीही तेच बोलून गेलात. तिथं गेला असतात तर असं बोलला नसतात. शिवशरणलाही विचारलं मी. ऑफिसातलं कुणीही आलं नव्हतं, ना मंगळवारी, ना गुरुवारी."

"आयला," हंबीरराव स्वतःशीच म्हणाले. "मी दारापर्यंत जाऊन गाडीशीच थांबलो की."

"पहिल्या दोन वेळी तुम्ही इथंच, स्वतःच्या टेबलावर आकडे बदललेत," जोतीराम पुढे म्हणाले. "मग भीती वाटली, की सगळं तुमच्याच हाताखालून जातं, कुणीतरी विचारेल. म्हणून तिसऱ्या वेळी तुम्ही ऑफिसात नाही असं दाखवायचं ठरवलंत."

"मला काय ठाऊक न्हवतं, मालक!" गुंडू एकदम बोलला. "सर दारात उभं होतं. म्हणाले, एक फाईल बघायची राहिलीया, जरा बॅग दे. आणि म्हणाले, मी घरात हाय हे कुणाला बोलू नगंस, खोटी रजा घेतलीया, नोकरी जाईल. मी म्हटलं, बाई गेल्यापासनं माणूस खचलाय, घेतली असंल एक रजा. औषधाचं मला ठाऊक असतं तर..." त्याने कपाळावर हात मारला.

राजवीर सर्जेरावांकडे बघत होता. रागापेक्षा त्याला काही समजतच नव्हतं.

"पण का? तुमची नोकरी जाणार नव्हती. पगार कमी होणार नव्हता. घरी बसून तेच काम."

सर्जेरावांनी एकदा हॉलकडे बघितलं. मग खुर्चीत बसले.

"घरी बसून," ते म्हणाले. "तेच तर. तुम्ही कॉम्प्युटर आणून बसवलासा. तिच्या पलंगाच्या जागी. दुसरीकडं जागाच न्हवती. दिवाळीचे चार दिवस मी त्याच्यापुढं बसून बघितलं. सकाळी आठपासनं रात्रीपर्यंत. चार दिवसांत मी एक शब्द बोललो न्हाय. कुणाशी बोलणार? चौथ्या दिवशी दूधवाला आला, तर आवाज फुटंना." त्यांनी मान खाली घातली. "इथं आलं की कुणी सर म्हणतंय. कुणी डब्यातलं देतंय. एप्रिलपासनं हे बंद म्हणालात. मला वाटलं, घरच्या कामात चुका होत्यात असं दिसलं तर तुम्ही हॉल सोडणार न्हाय."

"आणि मी?" पवित्रा म्हणाली.

"तुझी फाईल पहिली हाताला लागली. मग तीच धरली. तुझं घर मला ठाऊक न्हवतं असं न्हाय. ठाऊक असून केलं."

"रोगी मेला असता, सर्जेराव!" राजवीर ओरडला.

"तिथं तपासत्यात. नर्स असतीया. पकडणार हे ठाऊक होतं." पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

जोतीरामांनी पवित्रापुढचा कागद उचलला आणि राजवीरकडे दिला. राजवीरने तो फाडला.

"पवित्राताई, माफ करा. तुमचं काम घरूनच राहील. तुमचंही आणि बाकीच्या पाचजणींचंही. सुष्मिता, तुमचा अर्ज पुन्हा द्या." तो सर्जेरावांकडे न बघता बोलला. "तुमचं काय करायचं ते मला अमेरिकेशी बोलून ठरवावं लागेल. खरं ते कळवावं लागेल."

सर्जेरावांनी मान हलवली. कमरेचा जुडगा सोडायला त्यांना वेळ लागला. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

पवित्रा उठली. आता जायला हरकत नव्हती. पण ती सर्जेरावांपुढे थांबली.

"तुम्ही तो रिपोर्ट वाचला होता?"

"आकडा बघितला."

"मी सगळा ऐकलाय. आम्ही दोघांनी ऐकलाय." राजवीरने चमकून वर बघितलं. पवित्रा थांबली नाही. "होय, स्पीकरवर लावते मी. ह्यांना ऐकवते, आकडे तपासून घेते. नियम मोडते. त्यासाठी काढायचं तर काढा, पण हे ऐका. ती बाई एक्क्याऐंशी वर्षांची आहे, सर. डॉक्टर शेवटी काय म्हणाला माहितीय? तिचा नवरा रोज सकाळी दोन बस बदलून येतो. तिला स्वतःच्या हातानं भरवतो. संध्याकाळी नर्सनं हाकलेपर्यंत जात नाही."

सर्जेराव उठायला गेले.

"तुम्ही त्याला तुमच्यासारखं करणार होता."

सर्जेरावांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"आता ती..." शेवटी ते म्हणाले, "ती बाई कशी हाय, कुणाला ठाऊक हाय?"

पवित्राने पदर खोचला, पर्स उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"शुक्रवारच्या सीडीत होती," ती म्हणाली. "बरी आहे. घरी सोडलं तिला. न्यायला नवरा आला होता."